बुजवलेली खांड

भाऊसाहेब सापांचे पंचनामे करायचे. एवढं सांगितलं की लोक हसतात. सांगताना मीही हसतो, कारण पुढचं सांगायचं नसतं. पुढचं असं, की ज्या माणसानं मला परक्या मुलखात घर दिलं, त्याच्या सापांची जागा मी एका दुपारी दोन तासांत माझ्या हातानं बुजवली. आणि तीही त्याला बरं वाटावं म्हणून.

मी परभणीकडचा. सातवीनंतर शाळा सुटली. पोकलेन चालवायला शिकलो आणि ठेकेदाराच्या मागं फिरत म्हसळ्याच्या अलीकडं, खाडीकाठच्या एका गावात येऊन पडलो. खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून तिथं मातीचे लांबच लांब बांध घातलेले असतात. बाहेरचा मोठा बांध दुरुस्त करायचं काम होतं. तिसऱ्या आठवड्यात मी तापानं आडवा झालो. ठेकेदार दुसऱ्या साइटला निघून गेलेला, बाकीची पोरं कामावर, आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये एकटा. भाऊसाहेब तिथं आले ते माझ्यासाठी नाही. शेडमध्ये साप शिरलाय असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. साप नव्हता, मी होतो.

त्यांनी वाकून माझ्याकडं बघितलं, खिशातून कागद काढला आणि विचारलं, "नाव? गाव? कधीपासून पडून आहेस?"

मला वाटलं पोलिसाचा माणूस आहे. मी म्हणालो, "साहेब, मी काही केलं न्हाई."

"ते मी विचारलेलं नाही," ते म्हणाले, आणि लिहून घेऊन रिक्षा आणायला गेले.

ताप उतरल्यावर त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो, तो पुढं चार वर्षं.

भाऊसाहेब तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. अंगानं काटकुळे. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाहीचा शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट, पायात गमबूट. चष्म्याला दोरी होती, ती कचेरीतल्या फायली बांधायची लाल नाडी. बगलेत सरकारी रजिस्टर आणि हातात रंगाचा रिकामा डबा, चिखलात बसायला. बौद्धवाडीतलं त्यांचं घर लहान, पण रजिस्टरांना वेगळं कपाट होतं. काकी म्हणायच्या, "माझ्या साड्या पत्र्याच्या पेटीत, अन् ह्यांचे साप सागाच्या कपाटात."

पंचनामा कसा, तर असा. मला अजून पाठ आहे, कारण पुढं मीच ते नक्कल करायचो:

"आज रोजी ओहोटी अर्धी असता समक्ष पाहणी केली. सदर इसम चिखलात अर्धा आत व अर्धा बाहेर आढळला. लांबी अंदाजे दोन वीत. रंग ओल्या पाटीसारखा, ओठाच्या कडेनं पांढुरकी रेघ. इसमाची हरकत नाही. पंच म्हणून एक बगळा हजर होता."

सापाला ते साप म्हणायचे नाहीत, इसम म्हणायचे. मी एकदा विचारलं, "पंच दोन लागतात ना? बगळा एकच धरला." ते गंभीरपणे म्हणाले, "दुसरा पंच फितूर झाला. उडाला."

त्यांना मी लिहायला हवा होतो, कारण त्यांचा हात कापायला लागला होता. मी म्हणायचो माझं अक्षर शाळा सोडल्यागत आहे. ते म्हणायचे, "अक्षर सुधारतं. तू न बघितलेलं लिहीत नाहीस, तेवढं पुरे." मला आयुष्यात कुणी कशाला पुरेसं म्हटलेलं नव्हतं. सही करायलाही त्यांनीच शिकवली. मी नुसतं पहिलं नाव गिरवायचो. ते म्हणाले, "सही पूर्ण नावाची करायची. बापाचं नाव, आडनाव, सगळं. अर्धी सही करणारा माणूस अर्धा पळालेला असतो."

पण एक होतं. कशाचंही कारण विचारलं की ते सांगायचे नाहीत. हा इसम इथंच का राहतो, तिकडं का नाही, तुम्ही तिन्हीसांजेला काठी घेऊन काय मोजता, काहीही विचारा. पेनाचं टोपण लावायचे आणि म्हणायचे, "पंचनाम्यात कारणाचा रकाना नसतो. बघ. लिही. पुष्कळ बघितलंस की कारण आपण होऊन कळेल." मला ते फार मोठं वाटायचं तेव्हा. आता वाटतं, एवढा शहाणा माणूस, दोन वाक्यं बोलला असता तर काय बिघडलं असतं.

साप पकडून पोत्यात घालणाऱ्या पोरांवर त्यांचा राग. एकदा दोघं मोटारसायकलवर आले. एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात नाग धरला होता, तो खाडीकाठी सोडायचा होता आणि सोडताना भाऊसाहेबांबरोबर फोटो हवा होता.

भाऊसाहेब म्हणाले, "ह्याचा रहिवासी दाखला आणलाय?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"इथं ह्याचं कोण आहे? बीळ कुठलं? पाणी कुठं पितो? काही माहीत नाही, आणि तुम्ही सोडणार. जिथून उचललात त्याच्या शेजारच्या कुंपणात नेऊन सोडा."

"भाऊसाहेब, आम्ही जीव वाचवलाय त्याचा."

"हलवलेला साप मरतोच. फक्त तुमच्यासमोर मरत नाही, म्हणून तुम्हाला बरं वाटतं."

पोरं गेल्यावर ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "उद्या तुझाही दाखला काढायला जाऊ." आणि खरंच गेलो. त्या कागदावर माझं नाव आणि खाली त्यांच्या घराचा पत्ता. तो कागद मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून उशीखाली ठेवायचो. माझा स्वभाव भित्रा. रस्त्यात पोलीस दिसला की माझा हात आपोआप खिशाकडं जायचा. तो दाखला मिळाल्यावर पहिल्यांदा मी बाजारात शिट्टी वाजवत चाललो असेन.

मुंबई-पुण्याचे फोटोवाले यायचे. त्यांना कुठून तरी कळलेलं असायचं, की या खाडीत एक दुर्मीळ साप आहे, पुस्तकात ज्याचा फोटोही धड नाही. भाऊसाहेब त्यांना नाही म्हणायचे नाहीत. उलट गमबूट द्यायचे. मग तीन तास भलत्याच चिखलातून फिरवून आणायचे आणि कुठंही दिसणारे पाणसाप दाखवायचे. ती माणसं खूश होऊन परत जायची. काकी विचारायच्या, "खरी जागा का न्हाय दाखवत?" तर म्हणायचे, "कुठली जागा?" काकींनाही कधी दाखवली नाही. चाळीस वर्षं संसार केलेली बायको, तिलाही नाही.

मला दाखवली. म्हणून तर सगळं झालं.

गावाच्या दक्षिणेला एक आतला बांध होता, जुना. बांधापलीकडं गावातल्याच लोकांची शेती, पण वाटण्यांची भांडणं, निम्मे वाटेकरी मुंबईला, म्हणून पडून राहिलेली. त्या बांधाला कधीकाळी खांड पडलेली, म्हणजे भरतीच्या पाण्यानं मधला तुकडा वाहून गेलेला. तिथून खाडी दिवसातून दोनदा आत यायची आणि दोनदा बाहेर जायची. आत तिवरांचं रान माजलं होतं, चिखल, आणि चिखलात चिंबोऱ्यांची, म्हणजे खेकड्यांची, बिळं. त्या बिळांतून तो दुर्मीळ साप राहायचा.

एकदा संध्याकाळी, ओहोटी होती, भाऊसाहेब मला घेऊन गेले. दोघं डबे पालथे घालून बसलो. मच्छर तोंड सोडत नव्हते. भाऊसाहेबांनी नुसती करंगळी उचलली. एका चिंबोरीनं नुकतंच जुनं कवच टाकलं होतं, अंग मेणागत मऊ. शेजारच्या बिळातून तो निघाला, तिच्याभोवती वेटोळं घातलं आणि ओढून तिची नांगी तोडली. साप भक्ष्य अख्खं गिळतो एवढं मला माहीत होतं. हा तुकडे करून खात होता, आपण भाकरी मोडतो तसा. सगळं होईस्तोवर भाऊसाहेब हलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "हे गावात अजून कुणी बघितलेलं नाही. तू बघितलंस." त्यांचा आवाज वेगळा झाला होता.

त्यानंतर मी त्यांना त्या खांडीपाशी पुष्कळदा बघितलं. प्रत्येक अमावास्येला आणि पुनवेला, मोठ्या भरतीनंतर, ते खाचा पाडलेली वेळूची काठी घेऊन खांडीची रुंदी मोजायचे. "एक वीत वाढली," म्हणायचे, आणि कपाळाला आठ्या. मग त्या वयात, अडुसष्ट वर्षांचा माणूस, बांधावरून एक एक दगड उचलून खांडीत उतरायचा. दगड लावून वर यायचा तेव्हा धाप लागलेली असायची. मी धावलो की म्हणायचे, "तुझं काम नाही हे. हात दुखवून घेशील, मशीन कोण चालवणार?"

मी दुष्काळी भागातला. आमच्याकडं बांध फुटला म्हणजे माती गेली, म्हणजे वर्ष गेलं. बांध फुटला म्हटल्यावर जेवणावरून उठून माणसं धावतात. मला जे दिसलं ते एवढंच, की एक म्हातारा माणूस एकटा खांड बुजवतोय आणि ती बुजत नाही. दर पंधरा दिवसांनी वाढतेय. गावातलं कुणी मदतीला येत नाही, कारण त्याची जमीन नाही. कारण विचारायची सोय नव्हती. मी बघत होतो आणि लिहीत होतो, त्यांनी शिकवलं तसं. आणि पुष्कळ बघितल्यावर कारण आपण होऊन कळलं, चुकीचं.

नोव्हेंबरात ते पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला म्हसळ्याला गेले. मी पोकलेन आतल्या बांधावर आणली. जेवणाची सुट्टी होती आणि ठेकेदार गावात नव्हता. दोन तासांत मी ती खांड बुजवली. नुसती बुजवली नाही, वरून बकेटनं चोपून चोपून गुळगुळीत केली. एवढं सुबक काम मी पगाराच्या साइटवर कधी केलं नव्हतं. भाऊसाहेबांनी लावलेले दगड मी आधी काढून बाजूला रचले होते, त्यांची मेहनत वाया जाऊ नये म्हणून.

पाचच्या एसटीनं ते आले. मी स्टँडवरच उभा होतो. म्हणालो, "भाऊसाहेब, घरी नंतर जाऊ, आधी चला." वाटेत ते विचारत होते काय रे, काय झालं, आणि मी सांगत नव्हतो.

बांधावर पोचल्यावर ते थांबले. मग हातातली छत्री खांडीच्या जागी टेकवली. ती मातीत रुतेना, एवढी मी माती चोपली होती.

"किती वाजता सुरू केलंस?"

"दीडला."

"संपलं कधी?"

"साडेतीनला."

"ओहोटी होती?"

"होती. पूर्ण."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. मीच. तुम्ही एकटे दगड लावत होता..."

"कडेला लावत होतो," ते म्हणाले. "मध्ये नाही. कडा ढासळू नये म्हणून. आहे तेवढी राहावी म्हणून. पाणी आत आलं नाही तर चिखल वाळेल, चिंबोरी जाईल. चिंबोरी गेली की..." तिथं ते थांबले. चार वर्षांत त्यांनी मला सांगितलेलं पहिलं कारण ते.

मी म्हणालो आत्ता उकरतो, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि पळत मशीनकडं गेलो. तिथं खार कमिटीचे, म्हणजे बांधांची देखभाल बघणाऱ्या गावच्या समितीचे, अध्यक्ष उभे होते, सोबत चार माणसं, आणि मशीनची चावी त्यांच्या हातात. त्यांचा चेहरा नुसता फुललेला.

"परभणी, तू तर आमचं कल्याण केलंस रं." गावात सगळे मला परभणी म्हणायचे, नावानं हाक मारणारे एकटे भाऊसाहेब. "शेतीसाठी खांड बुजवायची व्हती, पन तिवरांमुळं आम्हाला ह्या बांधाला हात लावता येत न्हवता. परवानगी मिळंना. आता आम्ही कुठं काय केलं? बाहेरच्या माणसानं केलं."

भाऊसाहेब मागून आले. म्हणाले, "अध्यक्ष, ती खांड उघडावी लागेल."

"भाऊसाहेब, तुमची जमीन हाय का त्यात?"

"नाही."

"मग? बांध फोडला तर आम्ही गुन्हा दाखल करू. बुजवणाऱ्यावर गुन्हा होतो का कधी?"

अख्ख्या तालुक्याच्या जमिनींचे फेरफार ज्याच्या हाताखालून गेले, त्याच्या नावावर एक गुंठा नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फावडं घेऊन गेले तेव्हा दोघांनी त्यांना धरून, अगदी अदबीनं, घरी आणून सोडलं. त्याच आठवड्यात देवळाच्या सभामंडपात माझा सत्कार झाला. शाल आणि नारळ. मी घेतली शाल. नाही म्हणायची हिंमत झाली नाही. काकींनी ती घरात येऊ दिली नाही, तेव्हा मी ती मशीनच्या सीटखाली कोंबली.

भाऊसाहेबांनी तक्रार लिहिली. चौदा पानं, नकाशासकट. ती द्यायला वनखात्याच्या दूरच्या कार्यालयात जायचं होतं, म्हणून मीच त्यांना मोटारसायकलवर बसवून नेलं. तिथले साहेब भले होते. त्यांनी सगळी पानं वाचली, नकाशा बघितला. म्हणाले, "काका, एवढी चोख तक्रार मी बघितली नाही. तिवरांचं पाणी तोडणं हा गुन्हाच आहे. लगेच कारवाई होईल. फक्त इथं तुम्ही लिहिलंय, मशीन चालवणारा अज्ञात. कमिटी म्हणणार आम्हाला माहीत नाही. ज्यानं बांध घातला तो सापडला, त्याचा जबाब झाला, तर आठ दिवसांत खांड उघडून देतो."

मी त्यांच्या खुर्चीच्या मागं उभा होतो, हातात दोन हेल्मेट.

"मशीन जप्त होईल, त्याला अटकही होईल कदाचित," साहेब म्हणाले, "पण तुमची जागा वाचेल. नाव माहीत आहे का?"

भाऊसाहेबांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला.

"नाव माहीत नाही," ते म्हणाले.

मला अजून कळत नाही, तो क्षण किती लांब होता. मला फक्त एक पाऊल पुढं टाकायचं होतं. पण दाखला, लायसन, गावाकडं माझ्या पैशावर जगणारी आई, जेल, असं सगळं एकदम डोक्यात आलं आणि पाय जागचा हलला नाही. मी एका हेल्मेटची पट्टी लावत आणि काढत राहिलो.

येताना वाटेत ते एकच बोलले. "गाडीची चेन सैल झालीय. आवळून घ्या."

घ्या. त्या दिवसापासून ते मला अहो-जाहो करायला लागले. जेवलात का, पाणी आलंय, भरून ठेवा. खोली सोड असं ते कधी म्हणाले नाहीत. रजिस्टर मात्र परत माझ्या हातात दिलं नाही. कापऱ्या हातानं स्वतःच लिहायचे. एके दिवशी काकी अंगणात मासे साफ करत होत्या, वर न बघता म्हणाल्या, "त्ये काय बोलणार न्हाईत तुला. पन तू समोर असलास की जेवत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी मी ठेकेदाराला सांगून पनवेलकडची साइट मागून घेतली.

तिवरं दीड वर्षात सुकली. चिखलाला भेगा पडल्या, वर मिठाचा पांढरा पापुद्रा आला. मग शेतीसाठीच खांड बुजवायला हवी म्हणणाऱ्यांनी ती जमीन विकली. आता तिथं तारेचं कुंपण आहे, आत खोल्या बांधताहेत. सपाटीकरणाला मशीन हवी म्हणून मलाच फोन आला होता. "परभणी, तुला जागा माहिताय," म्हणाले. मी गेलो नाही. दुसरा कुणी गेला असेल.

मागच्या वर्षी भाऊसाहेब वारले. मला दहा दिवसांनी कळलं. गेलो तेव्हा काकींनी शेवटचं रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं. म्हणाल्या, "तुझ्यासाठी ठेव म्हनले न्हवते. पन जाळ म्हनूनबी म्हनले न्हाईत."

त्यात खांड बुजवल्याच्या दिवसाचा पंचनामा होता. दीड ते साडेतीन, ओहोटी पूर्ण. बुजवणारा: अज्ञात इसम. त्याच्यापुढं दर अमावास्या-पुनवेची एकेक ओळ, अक्षर उतरत गेलेलं. पाहणी केली, इसम आढळला नाही. पाहणी केली, इसम आढळला नाही. कुंपण झाल्यावर: कुंपणाबाहेरून पाहणी केली. पंचाच्या जागी सगळीकडं आडवी रेघ.

चाळीस वर्षं न बघितलेलं लिहिलं नाही त्या माणसानं. त्या एवढ्या कपाटात एकच ओळ खोटी आहे, आणि ती माझ्यासाठी लिहिलेली आहे. लोक म्हणतील हे प्रेम. मला ते तसं घेता येत नाही. साहेबांच्या टेबलासमोर बसून त्यांनी सापाला सोडलं आणि मला ठेवलं, आणि मग मी ठेवण्याच्या लायकीचा निघालो नाही, हे त्यांनी तिथंच मान न वळवता बघितलं.

त्या पंचनाम्याच्या तळाला मात्र पट्टीनं आखलेला एक नवा रकाना होता. बाकीच्या कुठल्याच पानावर तो नाही. वर शब्द लिहिलेला, कारण, आणि खाली मोकळं.

काकी चहा करायला आत गेल्या होत्या. मी पेन मागून घेतलं नाही, माझ्याच खिशातलं काढलं. लिहिलं, त्यांना बरं वाटावं म्हणून. मग "अज्ञात इसम" यावर रेघ मारली आणि शेजारी सही केली. पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट, त्यांनी शिकवली तशी. त्या सहीला आता कुठल्याही कचेरीत किंमत नाही. चहा आला तेव्हा शाई वाळलेली होती.